दूर्वांवर टाकलेला भात

शेतात कामाला जाताना बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात तसा मी पन घालायची, त्याच्यात काय नवीन नाय, पन जेवायच्या सुट्टीत बाकीच्या बाया शर्ट काढून झाडाला अडकवायच्या, जरा वारा घ्यायच्या, आनि मी नाय काढायची. पाठ घामानं भिजून जायची तरी बाह्या मनगटापर्यंत खाली आनि वर बटन लावलेलं. माज्या जोडीला वाडीवरची एक बाई असायची, तोंडानं लय फटकळ, ती बोलायची, "काय गो, नवऱ्याचा शर्ट सुटत नाय का अंगावरनं? एवढा वास आवडतो त्याचा?" सगळ्या हसायच्या. मी पन हसायची. आत कोपराच्या खळगीत खाज उठलेली असायची आनि हसता हसता मी हात घट्ट मिटून धरायची.

त्या टायमाला मुरबाडच्या आजूबाजूला फार्महाऊस व्हायला लागली होती, मुंबईच्या लोकांना घरापुढं सतरंजी अंथरल्यासारखं गवत पायजे असतं, त्याला लॉन बोलतात, ते लॉन तयार करून विकायची एक नर्सरी धसईच्या रस्त्याला निघाली. मी तिथं कामाला लागली. माजं माहेर शेणव्याचं, तिकडं शहापूरच्या बाजूला, लग्न होऊन इकडं आली, शाळा सातवीत सुटलेली. पोरगी माजी तवा नुकती भिंत सोडून चालायला लागली होती, तिला सासूजवळ ठेवून मी जायची. पयल्या दिवशी काय काम केलं म्हनून सासूनं इचारलं, मी बोलली हरळी लावली. सासू चूल फुंकत होती ती थांबली. "हरळी? आमचा जल्म गेला शेतातनं हरळी उपटता उपटता, बोटं सोलून निघाली, आनि तू ती लावून आलीस? आनि त्याचं कुनी तुला पैसं देतं?" मंग ती एवढी हसली का तिला ठसका लागला. तवा आमचं बरं चालायचं, हे पन सांगायला पायजे.

नर्सरीच्या मागच्या अंगाला हिरवी जाळी लावलेला एक भाग होता. तिथं एक मॅडम असायच्या, शिकलेल्या, गवतावरच शिकलेल्या. मला आधी वाटायचं गवतावर काय शिकायचं, ते तर आपोआप येतं. पन त्या सकाळी उन्हं यायच्या आधी दोन कुंड्या जवळ जवळ ठेवायच्या, एका कुंडीत बाहेरून आनलेली हरळी, पान एवढं बारीक आनि मऊ का पोरीच्या केसांवर हात फिरवल्यासारखं लागायचं, आनि दुसऱ्या कुंडीत आमच्या बांधावरची, जाडी, खरखरीत, बैलांनी तुडवली तरी उठनारी. दोघींचे तुरे एकमेकींना लावायच्या, वर कापडाची पिशवी बांधायच्या म्हनजे तिसऱ्याच कुनाचे पराग आत जायला नको. मंग जे बी व्हायचं ते ट्रेमदी टाकायचं, आनि त्याची जी रोपं उगवायची ती सगळी आमी वाफ्यात लावायची, एकेका रोपाचा एकेक चौकोन, भातलावनीसारखंच, फक्त उकिडवं बसून आनि कात्रीनं काड्या कापून.

बाहेरची मऊ हरळी म्हनजे आई, बांधावरची म्हनजे बाप. आईची रोपं दिसायला चांगली पन पावसाळ्यात त्यांना रोग यायचा, बुरशीचा, पिवळे गोल गोल पडायचे, आनि फार्महाऊसवाले फोन करून भांडायचे. म्हनून मॅडमना असं एक गवत पायजे होतं का जे आईसारखं मऊ असेल आनि बांधावरच्या बापासारखं रोगाला दाद देनार नाय. ते कसं शोधायचं, तर सगळ्या रोपांना मुद्दाम रोग लावायचा आनि कोन वाचतं ते बघायचं.

रोग लावायचा कसा हे मी पयल्यांदा तिथंच बघितलं. मॅडम काचेच्या बाटलीत तांदूळ शिजवायच्या, थंड झाला का त्याच्यात बुरशीचा बारका तुकडा सोडायच्या, बूच लावून ठेवायच्या. थोड्या दिवसांनी बाटलीतला सगळा भात पांढऱ्या कापसात गुंडाळल्यासारखा व्हायचा. तो मोकळा करून मुठीनं रोपांवर टाकायचा, सगळीकडं सारखा. मॅडमनी सगळ्या बायांना टाकायला लावून बघितलं, आनि माजा हात सारखा पडतो म्हनून ते काम मला दिलं. वाडीवरची बाई बोलली, "घे गो, लगीन लाव गवताचं." कारन दिसत तसंच होतं, मूठभर तांदूळ आनि समोर हरळी. आनि हरळी म्हनजे दूर्वाच की, गनपतीला वाहतो त्या. मी दूर्वांवर कुजलेला भात अक्षतांसारखा टाकत होती. हात सारखा पडला, मॅडमनी शाबासकी दिली.

घरी जाऊन मी ते सगळं सांगितलं. कशाला सांगितलं देव जाने, मला वाटलं होतं हरळी लावली तवा हसली तशी सासू परत हसेल. नाय हसली. बोलली, "अन्नाला रोग लावायचा आनि तो दूर्वांवर टाकायचा. बरं हाय तुजं." एवढंच, आनि उठून गोठ्यात गेली.

गोठ्यात तिचं वासरू होतं. पौषात म्हसा गावच्या जत्रंतनं सासऱ्यांनी आनलेलं, अंगानं बारकं, आईपासनं तोडलेलं, सासूनं त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. ती खाली बसली का ते तिच्या मांडीवर डोकं ठेवायचं आनि माजी पोरगी त्याच्या गळ्यात हात घालून बसायची, तिघं असं तासन् तास. त्याच्या डोळ्याभवती राखाडी खपली असायची, पीठ चिकटल्यासारखी. आमी बोलायचो जत्रंतली धूळ अजून जात नाय याची.

वाफ्यातल्या गवतावर गोल दिसायला लागले ते श्रावनाच्या आधी. पयले रुपयाएवढे, मंग एकमेकांत मिसळून बशीएवढे. कडेला ओली काळपट रेघ आनि मधे वाळून पांढरं. मॅडम खुश होत्या, रोग बरोबर लागला म्हनून. मी घरी आली, पोरीला पाजायला घेतली, आनि तिच्या गालावर बघितलं तर गोल. कडेला लाल फोडफोड आनि मधे पांढरट. तसाच. माजं दूध तिथंच आटलं असं वाटलं मला, पोरगी ओढायची आनि रडायची. मंग मानेवर दुसरा. मंग आठवडाभरात माज्या हाताच्या खळगीत, बरोबर जिथं पाजताना तिचा गाल टेकतो तिथं.

सासूनं पोरीचा गाल बघितला, मंग माजा हात धरून बाही वर केली, आनि दोन्ही एकमेकांजवळ आनून बघितले, जसं पावती जुळवतात तसं. "गजकरन हाय. तुज्या अंगावरचं तिला लागलं." मी बोलली, "आये, तिला आधी आलं." "आधी तुला दिसलं नाय. तुज्या भावाला नव्हतं का लग्नात? मानेवर एवढं चकंदळ घेऊन मांडवात फिरत होता. तुज्या माहेरच्या रक्तात हाय हे, आमच्या घरात कुनाला नाय. आनि वरनं तू ते गवताचं पाप करून येतेस."

भावाला खरंच होतं. पावसाळ्यात दरवर्षी यायचं.

सासूनं टाकळ्याचा पाला वाटून लावला, पोरगी आग आग होऊन कोकलली, कडा अजूनच लाल झाल्या. शेजारच्या घरातली बाई आपल्या पोराला आमच्या अंगनातनं उचलून घेऊन गेली, तोंडानं काय बोलली नाय, फक्त उचलून घेऊन गेली. नागपंचमीच्या दिवशी मी हळदीकुंकवाला हात पुढं केला तर एकीनं लांबूनच बोट लावलं. तवापासनं मी शर्ट काढायचं बंद केलं. कामावर पन नाय, घरात पन नाय, पोरीला पाजायला घ्यायची तर हाताखाली फडकं ठेवून.

मंग सासू एक दिवस बोलली, पोरीला शेणव्याला धाड. तुज्या आईकडं. बरं होईपर्यंत. धसईच्या बाजाराला सासरे जानार होते तवा तिकडनं पुढं एसटीनं सोडनार. "तुज्याच रक्ताचं हाय, त्यांनाच निस्तरू दे. आनि तुजं दूध तोडायला पन बरं." तिची दोन झबली, टोपडं, वाटी, सगळं एका फडक्यात बांधून सासूनं गाठोडं खुंटीला लावलं. मी नवऱ्याकडं बघितलं. ते खाली बघून तंबाखू मळत बसले. माजी आई दम्यानं बेजार, भावजय परक्याची, आनि पोरगी मला सोडून झोपत नाय, हे सगळं माज्या तोंडात होतं आनि मी ते गिळलं, कारन मला पन वाटत होतं का खरंच माज्या रक्तातलं असेल. नायतर त्या भातातनं माज्या हाताला लागलं असेल. दोन्हीतलं कायतरी एक असनारच, आनि दोन्ही माजंच.

गाठोडं रोज खुंटीला दिसायचं. भाकरी करताना, झाडू मारताना, कुठं पन बघितलं तरी ते दिसायचं.

कामावर मॅडम वाफे बघत फिरत होत्या, मी वाफ्यातल्या नंबरच्या पाट्या सरळ करत मागनं. मी घाबरत घाबरत इचारलं, "मॅडम, ही सगळी एकाच आईबापाची ना? मंग ह्याला रोग कसा झाला आनि शेजारच्याला कसा नाय?"

मॅडम तिथंच बसल्या. बोलल्या, "पत्ते खेळतेस ना? डाव तोच, पत्ते तेच, पण पिसून वाटले की प्रत्येकाच्या हातात वेगळे येतात. आईचे अर्धे, बापाचे अर्धे, पण कुठले अर्धे ते सांगता येत नाही. रोगाला टिकायचा गुणही एका पत्त्यात नसतो, थोडा इथे, थोडा तिथे. कुणाला बरेच येतात, कुणाला एखादाच. आणि कधी कधी मऊ पान आणि रोग हे पत्ते चिकटूनच येतात, सोडवता सोडवता माझी वर्षं चालली आहेत."

"मंग ज्याला रोग झाला त्याचा दोष काय?"

"दोष कसला? वाट्याला आलं नाही, इतकंच." मंग त्यांनी एका हिरव्यागार चौकोनाकडं बोट केलं. "आणि हे बघ, हे किती छान दिसतंय. पण हे कोपऱ्यात आहे, इथे उन्हं लवकर येतात, दव टिकत नाही. याला रोग पोचलाच नसेल. जोवर त्याला नीट रोग लावून बघत नाही तोवर मी त्याला मजबूत म्हणणार नाही."

मला लगेच सासूचं बोलनं आठवलं, आमच्या घरात कुनाला नाय. पन ते मी मनात दाबलं. मी फक्त बोलली, "मानसाचं पन असंच असतं का मॅडम? आईच्या रक्तातनं येतं?" त्या बोलल्या, "काय येतं?" आनि माज्याकडं बघायला लागल्या. मी पाट्यांचा बिंडा उचलून पळाली. खरंच पळाली, लहान पोरीसारखी.

बाजाराच्या आदल्या दिवशी मॅडमनी परत बाटल्या काढल्या. जे वाफे वाचले होते त्यांच्यावर परत रोग टाकायचा होता. माज्या हातात बाटली दिली. मी बूच काढलं, तो पांढरा भात बघितला, आनि मला माज्या पोरीचा गाल दिसला, आनि पकड सुटली. बाटली दगडावर पडली, काच, भात, सगळं वाटेवर. वाडीवरची बाई बोलली, "झालं! लगीन मोडलं!" बाया हसल्या. मॅडम धावत आल्या, मला वाटलं आता शिव्या देतील, कामावरनं काढतील, आनि मी खाली बसून हातानं तो भात गोळा करायला लागली, काच टोचली तरी. त्या ओरडल्या, "अगं सोड ते! घाबरलीस कशाला एवढी?"

आनि मंग माज्या तोंडातनं सगळं एकदम बाहेर पडलं, श्वास न घेता, पोरीचा गाल, माजा हात, माजा भाऊ, दूर्वा, भात, गाठोडं, उद्याची एसटी, सगळ्या बायांसमोर, आनि बोलता बोलता मी बटन काढून बाही वर केली. एवढी लाज मला बाळंतपनात दाईसमोर वाटली नव्हती.

मॅडमनी माजा हात धरला. उघड्या हातानं, फडकं बिडकं न घेता. वळवून उजेडात बघितला. "हे गवताचं नाही गं. गवताची बुरशी माणसाच्या कातडीवर जगत नाही. ती बाटलीतली तर मी रोज हाताळते, माझा हात बघ. ही पण बुरशीच आहे, पण वेगळी, कातडीवर जगणारी. आणि रक्तातून येत नाही, लागून येते. कुणाला पटकन लागते, कुणाला नाही, तेवढं कदाचित आईबापाकडून असेल. पण लागल्याशिवाय येत नाही. आधी कुणाला आलं?"

"पोरीला."

"बाळ दिवसभर कुणाजवळ असतं?"

"सासूजवळ." मंग मी थांबली. "आनि वासराजवळ."

"वासराला कुठे खपल्या आहेत? डोळ्यांभोवती?"

वाडीवरची बाई कपाळावर हात मारून बोलली, "अगो, मंग जत्रंतनं वासरू नाय, गजकरनच आनलं की सासऱ्यानं! आनि घुंगरू बांधून आनलं!" बाया खो खो हसल्या आनि मी पन हसली आनि रडली पन, दोन्ही एकदमच आलं.

मॅडमनी मला लवकर सोडलं, सरकारी दवाखान्यात जायला लावलं. डॉक्टर बोलले पोरीला न बघता मलमाची ट्यूब देनार नाय, घेऊन ये, मंग मी घरी जाऊन तिला कडेवर घेऊन परत आली, तवा बघितलं आनि दिली. वासराला पन गुरांच्या डॉक्टरला दाखवा बोलले.

सांजच्याला सासू गोठ्यात बसलेली, वासराचं डोकं मांडीवर. मी उंबऱ्यात उभी राहून बोलली, "आये, पोरीला नका धाडू. ते माज्या रक्तातलं नाय. गवताचं पन नाय. ते वासराचं हाय." आवाज एवढा बारीक निघाला का मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाय. पन गेलं. ती बोलली, "मुक्या जिवावर आळ घेतेस? स्वताचं झाकायला? ह्याला मी लेकरासारखं वाढवलंय, मला का नाय झालं मंग? सांग ना. मला का नाय झालं?" आनि तिनं लुगडं मांडीवर ओढून घट्ट दाबून धरलं. मी मलम आनलेलं पोरीच्या गालाला लावलं, माज्या हाताला लावलं, ट्यूब देवळीत ठेवली.

सकाळी सासरे बाजाराला निघाले. सासू दारात येऊन बोलली, "पोरीला आज नको. पाऊस लय हाय." पाऊस नव्हता. सासऱ्यांनी आभाळाकडं बघितलं, मंग तिच्याकडं बघितलं, आनि पिशवी घेऊन गेले.

ट्यूब मी वापरायची ती खालनं दाबत, दुमडत दुमडत, कारन आईनं तसंच शिकवलेलं, काय वाया जायला नको. दोनतीन दिवसांनी बघितली तर मधनंच चेपलेली. आनि जेवढी मी वापरली होती त्याच्यापेक्षा लय कमी उरलेली. मी ती हातात धरून देवळीसमोर उभी राहिली. नवरा तर तिला हात लावत नव्हता. मंग मला मांडीवर ओढून धरलेलं लुगडं आठवलं. वासराचं डोकं जिथं टेकतं तिथलं.

आनि खरं सांगते, मला आनंद झाला. असा आनंद का मी तोंडावर पदर धरला, कुनी बघू नये म्हनून. तिला पन हाय. तिच्या घरातल्या रक्ताला पन लागलं. मनात मी तिचं लुगडं सारून मांडीवरचा गोल पोरीच्या गालाशी जुळवला, तिनं माजा हात जुळवला होता तसा, आनि सगळ्या शेजाऱ्यांना दाखवला. थोडाच वेळ, पन दाखवला. मंग मला दिसलं का ती म्हातारी हे दिसू नये म्हनून किती दिवस मांडी आवळून बसत असेल, न्हाताना सगळ्यांच्या मागनं जात असेल, जशी मी शर्ट घालून. आनि जे जे ती मला बोलली ते ती आधी स्वताला बोलत असेल, आनि मंग मला. हातावरच्या गोलाची लाज होती त्याच्यापेक्षा त्या आनंदाची ही लाज मोठी होती. ती मलमानं गेली नाय.

मी दुसरी ट्यूब आनली आनि पयलीच्या बाजूला ठेवली. कुनी काय इचारलं नाय. वासरू सासूनं गोठ्याच्या लांबच्या खुंट्याला बांधलं, गुरांच्या डॉक्टरनी दिलेलं औषध ती स्वता लावायची, त्याच्या डोळ्याभवती, फडक्यानं, आनि पोरगी त्याच्याकडं जायला लागली का तिला हाक मारायची, "इकडं ये गो, आजून नाय, आजून नाय."

गनपतीच्या आदल्या दिवशी मी कामावरनं आली तर खुंटी मोकळी होती. पोरीची झबली दोरीवर वाळत होती. सासू दारात बसून सुपात तांदूळ पाखडत होती, वर न बघता बोलली, "येताना दूर्वा आनल्यास का?"

मी नव्हत्या आनल्या. मला वाटलं होतं माज्या हातच्या तिला चालनार नायत. मी परत वळली, आनि बांधावर गेली.